दातांच्या दवाखान्यात नव्याने काम करताना पाऱ्यापासून स्वतःला कसे जपावे

सोलापुरातील दातांच्या दवाखान्यांत मदतनीस म्हणून रुजू होणाऱ्या अनेक मुली कोणताही अभ्यासक्रम करून आलेल्या नसतात. बारावी झालेली असते, घरी आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असते किंवा वडील यंत्रमागावर जात असतात, आणि तंबाखूच्या व सुताच्या धुळीत वाढलेल्या मुलीला पांढरी फरशी, धुतलेला एप्रन आणि एसीची खोली म्हणजे स्वच्छ काम वाटते. ते स्वच्छ आहेही. परंतु ज्या दवाखान्यात दाढेत चांदी भरली जाते किंवा पूर्वी भरलेली चांदी कोरून काढली जाते, तेथील हवेत पाऱ्याची वाफ असू शकते. ती दिसत नाही, तिला वास नाही, आणि ती सर्वांत जास्त त्या व्यक्तीच्या श्वासात जाते जी दिवसभर तेथे असते. रुग्ण अर्ध्या तासाने उठून घरी जातो, मदतनीस ताई मात्र सकाळच्या ओपीडीपासून रात्रीपर्यंत त्याच खोलीत वावरते. या शहरात वीस वर्षांहून अधिक काळ दातांचे दवाखाने जवळून पाहिल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की पाऱ्याविषयीची माहिती डॉक्टरांच्या आधी तिला मिळाली पाहिजे, आणि ती कामाच्या पहिल्याच आठवड्यात मिळाली पाहिजे.

पहिली पायरी: दवाखान्यात पारा कोठे आहे ते शोधा

आपण जिला बोलण्यात 'चांदी' म्हणतो तिचे खरे नाव अमाल्गम. तिच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग पारा असतो आणि उरलेल्या भागात चांदी, कथील व तांबे असते. जुन्या पद्धतीत मिश्रधातूची भुकटी आणि बाटलीतील पारा खलात घोटला जाई, मग तो लगदा फडक्यात पिळून जास्तीचा पारा बाहेर काढला जाई, आणि कित्येक ठिकाणी तो तळहातावर मळलाही जाई. नव्या पद्धतीत भुकटी आणि पारा एकाच बंद कॅप्सूलमध्ये मोजून भरलेले असतात व अमाल्गमेटर नावाचे यंत्र ती कॅप्सूल हलवून मिश्रण तयार करते. दोन्ही पद्धतींत धोका आहे, पण पहिल्या पद्धतीत तो कितीतरी अधिक आहे. म्हणून रुजू झाल्यावर प्रथम हे पाहा की कपाटात पाऱ्याची सुटी बाटली आहे का.

त्यानंतर बाकीच्या जागा पाहा. वापरलेल्या कॅप्सूल कोठे टाकल्या जातात, भरून उरलेली चांदी कोणत्या डब्यात जाते, तोंडातील पाणी व कण ओढून घेणाऱ्या सक्शनच्या नळीची जाळी आणि थुंकण्याच्या भांड्याची जाळी कोण साफ करते व तो गाळ कोठे झटकते, चांदी भरलेले काढून टाकलेले दात कोठे ठेवतात, आणि जुने पाऱ्याचे बीपीचे यंत्र किंवा थर्मामीटर अजून वापरात आहे का. 'आमच्याकडे आता चांदी भरतच नाहीत, फक्त दाताच्या रंगाचे सिमेंट भरतो' असे उत्तर मिळाले, तरी तपासणी थांबवू नका. गेल्या तीस-चाळीस वर्षांत भरलेली चांदी लोकांच्या तोंडात आहे, ती पुढची अनेक वर्षे काढली जाणार आहे, आणि काढताना उडणारी वाफ भरतानाच्या वाफेपेक्षा कमी नसते.

दुसरी पायरी: तो शरीरात कोणत्या वाटेने जातो हे समजून घ्या

पारा हा साध्या तापमानाला द्रवरूप राहणारा एकमेव धातू आहे आणि तो उघडा राहिला की पाण्यासारखाच हळूहळू हवेत जात राहतो. द्रव पारा चुकून गिळला गेला, तर निरोगी आतड्यांतून त्याचा अगदी नगण्य अंश रक्तात उतरतो. परंतु त्याची वाफ श्वासावाटे आत गेली की तिच्यातील सुमारे ८० टक्के पारा फुप्फुसांतून थेट रक्तात जातो. तेथून तो मेंदूत पोहोचतो, मूत्रपिंडांत साठतो आणि गर्भवती स्त्रीच्या शरीरात वारेतून गर्भापर्यंतही जातो. शरीरात गेलेल्या पाऱ्यापैकी निम्मा बाहेर पडायला साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे रोज थोडा थोडा आत जात असेल, तर कालचा निघण्याआधी आजचा त्यात मिळतो.

येथे सोलापूरच्या हवेचा प्रश्न येतो. वीस अंश तापमानाला बंद खोलीतील हवा पाऱ्याच्या वाफेने पूर्ण भरली, तर एका घनमीटर हवेत सुमारे १३ मिलिग्रॅम पारा मावतो. चाळीस अंशाला हेच प्रमाण चौपटीहून जास्त होते. कामाच्या जागेसाठी अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने सुचवलेली मर्यादा आहे आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ०.०२५ मिलिग्रॅम. प्रत्यक्षात दवाखान्याची हवा अशी पूर्ण भरत नाही, कारण वारा खेळतो आणि पारा थोडाच असतो. तरीही एप्रिल-मेमध्ये दुपारी दवाखाना बंद ठेवून चारला उघडणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. ज्या खोलीच्या फरशीत किंवा कपाटात पारा सांडलेला आहे, ती खोली बंद असताना भट्टीसारखी तापते, आणि कुलूप उघडून सर्वप्रथम आत जाणारी व्यक्ती बहुधा मदतनीसच असते. म्हणून दार उघडल्यावर लगेच एसी लावू नका. आधी खिडक्या उघडा, बाहेर हवा फेकणारा पंखा चालू करा, पंधरा-वीस मिनिटे खोली मोकळी होऊ द्या, मग एसी. घरगुती प्रकारचा एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच हवा थंड करून फिरवत राहतो.

तोंडावरच्या साध्या मास्कने किंवा एन-९५ मास्कने पाऱ्याची वाफ अडत नाही. कोरताना उडणारे कण अडतात, म्हणून मास्क घालायचाच. पण मास्क आहे म्हणून वाफेपासून सुरक्षित आहोत, असे मानू नका. वाफेसाठी वेगळे रासायनिक कार्ट्रिज असलेले श्वसनयंत्र लागते.

तिसरी पायरी: रोजच्या कामाच्या सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्या

चांदीला कधीही उघड्या बोटाने स्पर्श करू नका, तळहातावर मळू नका आणि फडक्यात पिळू नका. कॅप्सूल यंत्रात हलत असताना यंत्राचे झाकण बंद असले पाहिजे. कॅप्सूल उघडल्यावर लगेच तिचे दोन्ही भाग पुन्हा जोडून झाकणाच्या डब्यात टाका, कारण आत उरलेला अंशही वाफ सोडत राहतो. हे सगळे काम कडा असलेल्या स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या ट्रेमध्ये करा, म्हणजे थेंब पडला तरी ट्रेच्या बाहेर जात नाही.

ज्या अवजारांनी चांदी उचलली व दाबली ती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या उष्णतेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, जाण्याआधी चिकटलेला प्रत्येक कण निघालाच पाहिजे. गरम होणारी चांदी पारा सोडते आणि ऑटोक्लेव्हचे दार उघडणाऱ्याच्या तोंडावर ती वाफ येते. याच कारणाने चांदी भरलेले काढलेले दात ऑटोक्लेव्ह करू नयेत. मी ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण निर्जंतुकीकरण नीट व्हावे या चांगल्या हेतूनेच ही चूक होते.

त्या खोलीत डबा खाऊ नका, चहा पिऊ नका. कामाचा कोट आणि चपला दवाखान्यातच ठेवा आणि कोट घरच्या कपड्यांत भिजवू नका. पाऱ्याचे कण शिवणींतून व चपलांच्या तळव्यांतून घरी जातात आणि घरी रांगणारी मुले असतात. अंगठी व बांगड्या कामावर काढून ठेवा, मंगळसूत्र कोटाच्या आत घ्या. सोन्याचा आणि पाऱ्याचा मेळ चटकन बसतो, सोने पांढरे पडते आणि तो पारा मग दागिन्यातून तुमच्या अंगाशी राहतो.

चौथी पायरी: जुनी चांदी काढताना हवा कशी राखावी

एअरोटर, म्हणजे दात कोरण्याचे वेगाने फिरणारे अवजार, कोरड्या चांदीवर फिरला की घर्षणाने ती तापते आणि तेव्हाच सर्वांत जास्त वाफ निघते. यातले बरेचसे डॉक्टरांच्या हाती असले तरी पाणी आणि सक्शन तुमच्या हाती असते. पाण्याचा फवारा सतत चालू असला पाहिजे. जोरात ओढणाऱ्या सक्शनचे तोंड दातापासून बोटभर अंतरावर धरा आणि डॉक्टर कोरायचे थांबले तरी ते लगेच बाजूला घेऊ नका. संपूर्ण फिलिंगचा भुगा करण्यापेक्षा तिला आडवी-उभी चीर देऊन मोठे तुकडे उचलणे चांगले. हे डॉक्टरांना सांगायला संकोच वाटत असेल, तर निदान तुकडे झटकन उचलून ट्रेमध्ये घेण्याची तयारी ठेवा. रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पातळ पडदा, लावला, तर रुग्णाच्या घशात कण जात नाहीत. सक्शनच्या मोटारीतून निघणारी हवा त्याच खोलीत सोडलेली नाही ना, हेही एकदा पाहून घ्या. छोट्या गाळ्यांत थाटलेल्या दवाखान्यांत ती अनेकदा खुर्चीच्या मागेच सोडलेली असते.

पाचवी पायरी: पारा सांडला तर काय करावे आणि काय करू नये

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी ज्या दवाखान्यात सहायक डॉक्टर होते, तेथे मे महिन्यातील एका दुपारी पाऱ्याची बाटली ट्रॉलीवरून खाली पडली. मावशींनी झाडू आणला, दोन-तीनदा ओढला, सुपडीत जेवढे दिसले तेवढे बेसिनमध्ये टाकले आणि फरशी चकचकीत दिसू लागली म्हणून पुढचा रुग्ण आत घेतला गेला. मीही काही बोलले नाही, कारण मला ठाऊक नव्हते. संध्याकाळी वीज गेली तेव्हा मी टॉर्च जमिनीलगत आडवा धरला. शहाबादी फरशीच्या सांध्यांत, सिमेंट झिजून जेथे चर पडली होती तेथे, मोहरीएवढे आणि काही खसखशीएवढे थेंब ओळीने बसलेले होते, आणि झाडू जेथपर्यंत फिरला होता तेथपर्यंत, म्हणजे अगदी दाराच्या उंबऱ्यापर्यंत, ते पोहोचले होते. मावशींच्या बोटातील सोन्याची अंगठी एका बाजूने पांढरी झाली होती. त्या खोलीत आम्ही पुढे कित्येक महिने काम केले.

झाडूने पाऱ्याचे मोठे थेंब फुटून असंख्य लहान थेंब होतात, हवेशी येणारा त्यांचा पृष्ठभाग वाढतो आणि वाफही वाढते. व्हॅक्यूम क्लीनरने तर तो गरम होऊन थेट हवेत फेकला जातो आणि ते यंत्र कायमचे दूषित होते. म्हणून ही दोन्ही साधने हाती घेऊ नका. ब्लीचिंग किंवा फिनाइल टाकू नका, बेसिनमध्ये धुऊन लावू नका, आणि पांढरी पडलेली अंगठी तापवून शुद्ध करायला सोनाराकडे देऊ नका; तापवताच पारा त्याच्या श्वासात जातो. सोनाराला आधी कारण सांगावे, म्हणजे तो काय करायचे ते ठरवील.

थोडा पारा, म्हणजे एखाद्या कॅप्सूलमधला किंवा फुटलेल्या थर्मामीटरमधला, सांडला असेल तर पुढील क्रमाने काम करा. रुग्णाला व इतरांना खोलीबाहेर काढा, त्यातही मुले व गर्भवती स्त्रिया प्रथम. एसी आणि छताचा पंखा बंद करा, आतल्या खोल्यांकडे जाणारे दार लावा, बाहेरची खिडकी उघडा. दागिने काढा, हातमोजे घाला. थेंब सांडलेल्या जागेच्या बाहेरील कडेपासून आतल्या बाजूला या, म्हणजे ते पायाखाली येत नाहीत. जुन्या पत्त्याच्या किंवा पोस्टकार्डाच्या दोन तुकड्यांनी थेंब एकमेकांकडे ढकलून मोठा थेंब करा आणि सुई काढलेल्या सिरिंजने तो ओढून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत सोडा. बारीक थेंब चिकटपट्टीने टिपा. टॉर्च आडवा धरून पुन्हा पाहा. वरून टाकलेल्या उजेडात ते दिसत नाहीत.

फरशीच्या सांध्यांतील उरलेल्या अंशावर गंधकाची बारीक भुकटी पसरता येते. आपल्या जिल्ह्यात ती शोधावी लागत नाही, द्राक्षांवरील भुरीसाठी शेतकरी ती कृषी सेवा केंद्रातून नेतातच. गंधक आणि पारा यांचा संयोग होऊन न उडणारा पदार्थ हळूहळू तयार होतो. तो काही तासांनी टिपून त्याच बरणीत घ्यावा. मात्र गंधकाने उचलण्याचे काम वाचत नाही, आणि भुकटी नाकात जाऊ देऊ नये. हातमोजे, पत्ते, चिकटपट्टी, सिरिंज हे सर्व त्या बरणीसोबत बंद पिशवीत ठेवा, त्यावर 'पाऱ्याचा कचरा' असे लिहा आणि खोली निदान एक दिवस वाऱ्यावर सोडा.

बाटलीभर पारा सांडला असेल, तर तो स्वतः उचलण्याच्या भरीस पडू नका. खोली बंद करा, कोणालाही आत जाऊ देऊ नका आणि डॉक्टरांना सांगा की हे काम जाणकारांचे आहे. असे सांगणे उद्धटपणाचे नाही.

सहावी पायरी: कचरा कोणत्या डब्यात जातो

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार पिवळ्या पिशवीतील कचरा बहुतांशी जाळला जातो. पारा तीत गेला की भट्टीच्या धुराड्यातून गावाच्या हवेत जातो, म्हणून उरलेली चांदी, कॅप्सूल, जाळीतील गाळ आणि चांदी भरलेले दात यांतील काहीही पिवळ्या पिशवीत टाकू नका. लाल पिशवीत, घंटागाडीत किंवा ड्रेनेजमध्येही नाही. त्यासाठी वेगळा, रुंद तोंडाचा, घट्ट झाकणाचा डबा ठेवा आणि त्यावर तारीख लिहा. बेसिनच्या वाटेने जाणारे कण अडवायला अमाल्गम सेपरेटर नावाचे उपकरण मिळते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ते किमान ९५ टक्के कण अडवणारे असावे लागते. पाऱ्याचा कचरा घातक कचरा म्हणून वेगळा सोपवायचा असतो. तो कोणाकडे व कसा द्यायचा, हे डॉक्टरांनी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापुरातील उपप्रादेशिक कार्यालयात लेखी विचारावे.

सातवी पायरी: स्वतःच्या शरीराकडे कसे पाहावे

पाऱ्याची वाफ मोठ्या प्रमाणात आणि दीर्घकाळ शरीरात गेली, तर हाताला कंप सुटतो, हिरड्या सुजतात, तोंडाला लाळ सुटते, झोप उडते, विसरभोळेपणा येतो आणि स्वभाव बदलतो. माणूस एकदम चिडतो किंवा उगाच बुजतो. मूत्रपिंडांना इजा होऊन लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांना प्रयोगशाळेतील पाऱ्याने वर्षानुवर्षे डोकेदुखी व विस्मरणाचा त्रास झाला आणि कारण सापडल्यावर त्यांनी १९२६ साली पाऱ्याच्या वाफेविषयी जाहीर इशारा दिला. एवढ्या बुद्धिमान माणसालाही आपल्या आजाराचे कारण ओळखायला इतकी वर्षे लागली, हे मला फार बोलके वाटते.

दवाखान्यात आढळणारे प्रमाण मात्र बहुधा याहून बरेच कमी असते आणि तेथे चित्र इतके स्पष्ट नाही. काही अभ्यासांत दंत कर्मचाऱ्यांच्या हाताची स्थिरता, स्मरण व मनःस्थिती यांत फरक दिसला, काहींत दिसला नाही. संबंध आढळणे आणि कारण सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९४ साली प्रसिद्ध झालेला कॅलिफोर्नियातील दंत मदतनीस स्त्रियांचा अभ्यास मला विशेष महत्त्वाचा वाटतो: ज्या आठवड्याला ३० हून अधिक चांदीची फिलिंग तयार करीत आणि ज्यांच्या कामाच्या पाऱ्याविषयीच्या पाच किंवा अधिक सवयी वाईट होत्या, त्यांची गर्भधारणेची दर मासिक पाळीतील शक्यता पारा न हाताळणाऱ्यांच्या ६३ टक्केच होती. पारा कमी हाताळणाऱ्यांत अशी घट दिसली नाही. म्हणजे काम सोडावे लागेल, असे त्यातून निघत नाही. सवयींवर बरेच काही अवलंबून असते, असे निघते. गर्भवती असाल किंवा मूल हवे असेल, तर चांदी तयार करण्याचे, ती काढतानाचे आणि जाळी साफ करण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे, असे डॉक्टरांना सांगा. कारण सांगायला लाजू नका.

तपासणी लघवीची करावी, कारण वाफेवाटे शरीरात गेलेल्या पाऱ्याचा अंदाज तीतून सर्वांत चांगला येतो. रक्तातील आकड्यात माशांतून आलेला वेगळ्या प्रकारचा पाराही मोजला जातो. नमुना दवाखान्यात देऊ नका. घरी, सकाळी, हात स्वच्छ धुऊन, प्रयोगशाळेने दिलेल्या डब्यात घ्या आणि अहवाल क्रिएटिनिनच्या प्रमाणात मागा; हा लघवीतील नेहमीचा घटक आहे आणि त्याच्याशी तुलना केली की लघवी पातळ किंवा दाट असल्याचा फरक पडत नाही. वर उल्लेखलेल्या संघटनेची कामगारांसाठीची सूचक पातळी क्रिएटिनिनच्या एका ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅम आहे. शक्य असल्यास रुजू होतानाच एक तपासणी करून ठेवा, म्हणजे पुढच्या अहवालाची तुलना करता येते. तपासणाऱ्या डॉक्टरांना दोन गोष्टी न लपवता सांगा: रंग उजळण्याची क्रीम लावता का, आणि पारा असलेली रसौषधे घेता का, या दोन्हींमुळेही आकडा वाढू शकतो. पारा 'उतरवण्याची' औषधे स्वतःहून कधीही घेऊ नका. त्रास असल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा आणि केसपेपर काढतानाच आपण काय काम करतो, ते सांगा; न सांगता डॉक्टरांना ते कळणार नाही.

आठवी पायरी: डॉक्टरांशी बोलणे

अनेक डॉक्टर हे ऐकून लगेच बदल करतात, असा माझा अनुभव आहे. बोलताना तक्रारीचा सूर नको, नेमकी मागणी असू द्या: सुटी बाटली बंद, फक्त कॅप्सूल, बाहेर हवा फेकणारा पंखा, झाकणाचा डबा, वर्षातून एक तपासणी. हवे तर हेही सांगा की पाऱ्यावरील मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला आहे. २०२२ मध्ये करारातील देशांनी दंतवैद्यांनी सुटा पारा वापरू नये आणि डॉक्टरांना अत्यावश्यक वाटल्याखेरीज दुधाच्या दातांत, १५ वर्षांखालील मुलांत तसेच गर्भवती व स्तनदा स्त्रियांत चांदी भरू नये, असे ठरवले. युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासून तिचा वापर जवळपास थांबवला आहे. ग्लास आयोनोमर व कॉम्पोझिट हे दाताच्या रंगाचे पर्याय सोलापुरात सहज मिळतात.

मग तुम्ही दोघे मिळून ते जुने कपाट उघडा. सुटी बाटली सापडली, तर तिचे झाकण उघडून पाहू नका. ती तशीच प्लास्टिकच्या बरणीत ठेवा, बरणी कडेच्या ट्रेमध्ये ठेवा आणि ट्रे सर्वांत खालच्या फळीवर, उन्हाच्या भिंतीपासून दूर ठेवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाला लिहिलेल्या पत्राची पोचपावती त्याच फळीच्या दारावर आतून चिकटवा.